उपाशी साहेब

शहरात जिथे जिथे गरजूंसाठी चूल पेटत होती, तिथे तिथे साहेबांना ओळखत होते; आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी त्यांनी कधी घासभर खाल्लं नव्हतं. म्हणून त्यांचं नाव पडलं उपाशी साहेब. तोंडावर अर्थातच कोणी म्हणत नसे. पण ते दारातून आत शिरले की भांडी घासणारी बाई आत वर्दी द्यायची, "आले गं, उपाशी साहेब आले!" आणि ती वर्दी इतक्या मोठ्याने असायची की साहेबांनाही ऐकू जायची. ते ऐकलं न ऐकलंसं करून चष्मा पुसत उभे राहायचे.

नोकरी तशी साधी. एका व्यापाऱ्याने मरताना आपली सगळी इस्टेट एका निधीच्या नावे केली होती. त्या निधीतून, वस्तीतल्या लोकांनी मिळून चालवलेल्या जेवणघरांना, धान्य वाटणाऱ्यांना, पडीक जागेत भाजी पिकवणाऱ्या मंडळांना अनुदान मिळायचं. अर्ज आला की साहेब जाऊन बघून यायचे. चूल खरंच पेटते का, किती माणसं जेवतात, धान्य कशात ठेवलंय, उंदीर किती माजलेत. मग दोन पानं लिहायची आणि समितीपुढे ठेवायची. देणं न देणं समितीच्या हातात. साहेब म्हणजे नुसते डोळे.

त्यांच्या आधी हे काम करणारा गृहस्थ मात्र नुसता डोळे नव्हता, तोंडही होता. जाईल तिथे ताटावर बसायचा, आणि जिथे वाढणारीचा हात सढळ तिथे त्याची शिफारसही सढळ. शेवटी फार बभ्रा झाला तेव्हा निधीने नियम केला: पाहणीला गेलेल्या माणसाने अर्जदाराकडचं पाण्याखेरीज काहीही तोंडात घालायचं नाही. नियम झाला आणि त्याच सुमारास साहेब कामावर रुजू झाले. अंगात नवाकोरा शर्ट, समोर नवाकोरा नियम. शर्ट यथावकाश विरला. नियम विरू दिला नाही.

कचेरीतले हिशेबनीस त्यांची थट्टा करायचे. "अहो, चहा म्हणजे काय खाणं असतं का? सगळे पितात."

"चहा त्यांच्या पातेल्यातला असतो," साहेब म्हणायचे.

"मग काय तुम्ही त्यांच्या विहिरीतलं पाणीसुद्धा मोजून पिणार?"

यावर साहेबांना उत्तर सुचायचं नाही. त्यांना उत्तरं नेहमी घरी गेल्यावर, हातपाय धुताना सुचायची.

पाहणीला जायचं ते ऐन जेवणाच्या वेळेलाच, नाहीतर काय बघणार? त्यामुळे रोज दुपारी साहेबांच्या भोवती वाफा, वाढप्यांची धावपळ, "इकडे एक पाव द्या", "तिकडे कालवण संपलं" असा गलका, आणि मध्ये हे हातात पेन घेऊन उभे. काम संपलं की बाहेर पडायचं आणि बसथांब्यावरचं बाक, नाहीतर एखाद्या बँकेची पायरी बघून आपला डबा उघडायचा. पावाचे तुकडे, उकडलेलं अंडं, एखादं केळं. डबा मांडीवर, रुमाल गुडघ्यावर. बस यायच्या आत खाऊन व्हायचं, त्यामुळे त्यांना भराभर गिळायची सवय लागली.

डबा आई भरून द्यायची. दोघंच राहत होते, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. धाकटी बहीण लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. साहेबांचंही जमवायचा खटाटोप झाला होता एक-दोनदा. पण एकदा त्यांनी फार विचार केला, आणि एकदा मुलीकडच्यांनी. आईला उतारवयात ऐकू कमी यायला लागलं, तेव्हापासून जेवताना बोलणंही खुंटलं. तरी समोर माणूस होतं. भाजीत मीठ कमी पडलं की दोघंही एकाच वेळी मिठाकडे हात करायचे, एवढी सोबत पुरेशी होती.

एका हिवाळ्यात आई गेली. शेजाऱ्यांनी थोडे दिवस डबे आणून दिले. साहेबांनी ते घासून, पुसून, रिकामं भांडं कसं परत द्यायचं म्हणून प्रत्येकात चार-चार केळी ठेवून परत केले. शेजारीण म्हणाली, "अहो, एवढी घाई काय होती?" तिला कदाचित आत बोलवायचं असेल. साहेब म्हणाले, "राहून जातं मग," आणि जिना चढून वर आले. त्यानंतर ते घरी ओट्याशी उभ्यानेच जेवायला लागले. एका माणसासाठी टेबलावरचे कागद कोण हलवणार?

ज्या बाईमुळे ही गोष्ट सांगायची, ती त्यांना त्याच्याही आधी भेटली होती. तिला सगळे आत्या म्हणायचे. मूळचा भाचा एकच, पण त्याचं ऐकून साऱ्या वस्तीची ती आत्या झाली. एका इस्पितळाच्या उपाहारगृहात तिने आयुष्यभर रांधलं होतं, आणि तिथून सुटल्यावर चपलांच्या एका बंद पडलेल्या दुकानात तिने जेवणघर काढलं. मालक भाडं घेत नव्हता, फक्त दुकानातलं सामान हलवायचं नाही अशी त्याची अट. त्यामुळे चपलांच्या फळ्यांवर ताटं, बुटांच्या खणांत वाट्या, आणि पायात जोडा घालून बघायच्या उतरत्या बाकड्यांवर लहान मुलं जेवायला बसलेली. भिंतीला खाली गुडघ्याएवढा आरसा होता. त्यात जेवणाऱ्यांचे नुसते पाय दिसायचे.

साहेब पहिल्यांदा गेले, तेव्हा आत्याने काही न विचारता एक ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवलं.

"मला चालत नाही," साहेब म्हणाले.

"पथ्य आहे का?"

"नियम आहे."

आत्याने कमरेवर हात ठेवले. "साहेब, माझ्या दारातून माणूस न जेवता गेला, तर मला रात्री झोप लागत नाही."

"मग आज तुम्हाला जागावं लागेल."

साहेबांना हा विनोद करायचा होता. पण त्यांच्या तोंडून तो नोटिशीसारखा बाहेर पडला, आणि वाढणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्या मात्र खो खो हसली. ताट उचलून तिने शेजारच्या हमालापुढे सरकवलं आणि म्हणाली, "घे बाबा, सरकारी उपास तुझ्या पथ्यावर पडला."

साहेबांनी त्या जेवणघराबद्दल जे बघितलं ते लिहिलं, आणि बघितलेलं चांगलंच होतं. अनुदान मंजूर झालं. मोठी शेगडी आली, फ्रिज आला, झाकणाच्या पिंपांत धान्य आलं. निधी वस्तू द्यायचा, कारण वस्तूवर निधीचं नाव कोरता येतं. स्वयंपाकिणीच्या पगारावर कुठे कोरणार? आत्या दर वर्षी हे बोलून दाखवायची. "शेगडी दिलीत, छान केलंत. आता शेगडीपुढे उभं कोण राहणार, तेही पाठवा." साहेब तेही लिहायचे. समिती वाचायची आणि पान उलटायची.

दर खेपेला ताट समोर यायचं आणि दर खेपेला ते हमालापुढे सरकायचं. हमाल आता साहेबांच्या पाहणीच्या दिवशी मुद्दाम त्यांच्या शेजारची जागा धरून बसायला लागला.

मग समितीत नवी माणसं आली. त्यांनी ठरवलं, एकाच जेवणघराला किती वर्षं पोसायचं? आता त्यांनी स्वतःच्या पायांवर उभं राहावं, निधी नवीन कल्पनांना हात देईल. आत्याचं नाव वगळलेल्यांत होतं. कळवायला पत्र पुरेसं होतं, पण साहेब स्वतः गेले. दुपारची पंगत उठली होती. आत्या हात पुसत आली, आणि तिने सगळं उभ्यानेच ऐकलं.

"म्हणजे भूक जुनी झाली," ती म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली.

"तुमचा काय दोष? तुम्ही कशाला कोमेजता?" ती आत गेली, पातेल्याच्या तळाशी उरलेलं एका ताटात काढून घेऊन आली. थोडा भात, थोडं कालवण. ताट तिने त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्वतःही समोर बसली. "आता आम्ही तुमचे कोणी नाही. ना अर्ज, ना अनुदान. आता तरी जेवा."

साहेबांनी ताटाकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढेही ओढली. मग ते म्हणाले, "फाईल महिनाअखेरीला बंद होते. अजून… अजून तशी ती चालूच आहे."

आत्या आधी हसली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि साहेबांना कळेना की ही हसते आहे की रडते आहे. पंगत उठून गेलेली, बायका मागे भांडी घासताहेत, हमालही त्या दिवशी नव्हता. ताट तसंच मध्ये राहिलं. साहेब उठले, पाणी पिऊन निघाले, आणि बसथांब्यावर जाऊन बसले. डबा उघडलाच नाही. दोन बस त्यांच्यासमोरून गेल्या.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीत केक आणला होता. हिशेबनिसांनी तुकडा पुढे केला, तर सवयीने साहेबांचा हात मागे गेला. सगळे हसले. "अहो, हा आमच्याच पातेल्यातला!" हिशेबनीस म्हणाले. साहेबांनी खाल्ला. फार गोड होता.

पुढचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही, तीच तर अडचण. सकाळी दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा, बोलायचं कारण नाही. बहिणीचा फोन आठवड्याला. ती नातवंडांचं सांगायची आणि "तू कसा आहेस" असं विचारून उत्तराच्या आत "ठेवते हं, कुकर लावलाय" म्हणायची. कधी कधी भाजीवाल्यापुढे उभं राहिल्यावर दिवसातला पहिला शब्द तोंडातून निघायचा, आणि घसा बसल्यासारखा तो चिरकायचा. साहेब खोकल्याचं निमित्त करायचे.

एक दिवस ओट्याशी उभं राहून पाव खाता खाता त्यांच्या मनात आलं, आपल्याला आता कोण अडवणार आहे? शहरभर जेवणघरं आहेत. आपण त्यांचे अधिकारी नाही. जाऊन रांगेत उभं राहावं, चार माणसांत बसून जेवावं, डब्यात जमेल तसे पैसे टाकावे, घरी यावं.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या जुन्या सभागृहातल्या जेवणघरात गेले. रांगेत उभे राहिले मात्र, आत वर्दी गेली. कुणीतरी झाडू घेऊन धावलं. व्यवस्थापक तोंड पुसत बाहेर आले आणि त्यांनी साहेबांना रांगेतून काढून वेगळ्या टेबलावर बसवलं, त्यावर घाईघाईने धुतलेलं कापड घातलं.

"मी निवृत्त झालो," साहेब म्हणाले.

"हो हो, साहेब," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी डोळा बारीक केला. "समजलं आम्हाला. गुपचूप पाहणी."

"नाही, खरंच जेवायला आलोय."

"तुम्ही? जेवायला?" आणि व्यवस्थापक असे हसले की जणू साहेबांनी जन्मात पहिल्यांदा एक बरा विनोद केला होता.

ताट आलं, त्यात डावभर जास्तच. शेजारच्या टेबलावरची माणसं गप्प झाली. मग एक म्हातारा, कोणीतरी कोपराने ढोसल्यासारखा, भिंतीकडे बघत मोठ्याने म्हणाला, "जेवण फार उत्तम असतं इथे! रोजच उत्तम असतं!" दुसऱ्या जेवणघरात याहून वेगळं झालं नाही. तिसऱ्या ठिकाणी त्यांच्यापुढे हिशेबाच्या वह्या आणून ठेवल्या, तेव्हा ते जेवण अर्धवट टाकून उठले.

आत्याकडे जायला त्यांना तोंड नव्हतं. एवढ्या वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. दोनदा त्या रस्त्याला लागून परत फिरले. तिसऱ्यांदा पाऊस लागला, छत्री नव्हती, म्हणून दुकानाच्या छपराखाली थांबले. जेवणघर आता आठवड्यातून मोजके दिवसच चालायचं आणि तो नेमका त्यातला एक दिवस होता. दारातच स्टुलावर आत्या बसली होती, मांडीवर परात, शेंगा सोलत. पाय सुजलेले. तिने मान वर केली.

"झाली का बंद फाईल?"

"झाली," साहेब म्हणाले. "मीच बंद झालो."

"मग भिजता कशाला? आत जा."

कोणी वर्दी दिली नाही, कारण वर्दी देणारी बाई कधीच काम सोडून गेली होती. वाढणारी मुलगी नवी. तिने बाकीच्यांना वाढलं तेवढंच वाढलं, थोडं कमीच. साहेब बाकावर बसले आणि जेवले. कालवण पातळ होतं आणि गरम होतं. सवयीने ते इतक्या भराभर जेवले की शेजाऱ्याचा दुसरा घास व्हायच्या आत ताट रिकामं झालं. आता काय करायचं ते त्यांना कळेना. उठून जावं तर बाहेर पाऊस, बसून राहावं तर हात मोकळे. समोरच्या आरशात एवढे सगळे पाय, त्यांत आपले कोणते ते शोधत बसले.

शेजारी एक निवृत्त कंडक्टर होता. त्याने तिरका डोळा करून विचारलं, "गाडी पकडायचीय का?"

"नाही."

"मग चावा जरा."

त्या दिवसापासून साहेब जेवणघर उघडं असेल त्या दिवशी जायला लागले. एकदम गोडीगुलाबी झाली असं मात्र नाही. एकदा त्यांनी फ्रिजला हात लावून पाहिला, गार नाही म्हणून सांगितलं, आणि सगळा बाक गप्प झाला. कंडक्टर तर दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. "मी म्हटलं साधा माणूस आहे, निघाला साहेब," असं तो इतरांना म्हणाला. बोलण्यासारखं साहेबांकडे फारसं काही नव्हतंच. लोक मुलांचं, दुखण्यांचं, घरमालकांचं बोलायचे. ते ऐकायचे. ऐकायची त्यांना सवय होती, फक्त आता लिहून घ्यायचं नव्हतं.

त्याच वर्षी निधीने पुन्हा अर्ज मागवले, जुन्यांनाही मुभा दिली. आत्याने साहेबांना बोलावून घेतलं. "तुम्ही लिहा. तुम्हाला माहीत, त्यांना काय गोड लागतं ते."

"गोड मला लिहिता येत नाही."

"मग आहे ते लिहा. पण यंदा माणसांचा पगार मागा. शेगडी नको."

साहेबांनी तिच्या स्टुलाशेजारी बसून अर्ज लिहिला. आत्या सांगायची, ते लिहायचे, मधूनच ती म्हणायची, "हे जरा रडवं झालंय, काढा." समितीने पगार अर्धा मंजूर केला. अर्धा. आत्या म्हणाली, अर्धी बाई कुठून आणू? पण त्यावर वाढणाऱ्या मुलीला कायम ठेवता आलं आणि जेवणघर आणखी एक दिवस उघडं राहायला लागलं.

त्या दिवसाचं उद्घाटन वगैरे काही झालं नाही. आणि तो आत्याने फारसा पाहिलाही नाही. गुडघे पार गेले, तेव्हा भाचा येऊन तिला आपल्या शहरी घेऊन गेला. निघताना ती टॅक्सीत बसली होती, सगळा बाक रस्त्यावर उभा. साहेब मागे होते. तिने त्यांना खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "घरीसुद्धा बसून जेवत जा हो." तिला हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. टॅक्सी गेली, लोक आत गेले, साहेब थोडा वेळ तिथेच उभे राहिले. तिच्या भाच्याचा पत्ता विचारून घ्यायला हवा होता हे त्यांना घरी गेल्यावर, हातपाय धुताना सुचलं.

त्या हिवाळ्यात साहेब तापाने पडले. दुधाच्या पिशव्या दाराला लटकत राहिल्या, तेव्हा शेजारणीने दार वाजवलं, डॉक्टर आणला, सूप आणून दिलं. जेवणघरातून कोणी आलं नाही. येणार कसं? ते कुठे राहतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. छताकडे बघत पडल्या पडल्या त्यांनी हिशोब केला, तर आपला पत्ता माहीत असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर आली, त्यात एक दूधवाला होता.

उठून चालता यायला लागल्यावर ते सगळ्यात आधी जेवणघरात गेले. बाक भरला होता. त्यांच्या जागेवर कंडक्टरची जाडजूड पिशवी होती. साहेब दुसरीकडे जागा बघायला लागले, तोच कंडक्टरने पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"कुठे मेला होतात?" तो म्हणाला. "रोज पिशवी ठेवून जागा धरतोय. लोक मला शिव्या घालतात."

"ताप होता."

"निरोप नाही का पाठवायचा?"

"कोणाजवळ?"

कंडक्टर पावाचा तुकडा मोडत म्हणाला, "राहता कुठे?"

साहेबांनी गल्ली सांगितली, इमारत सांगितली, तिसरा मजला सांगितला.

"तिसरा?" कंडक्टरने मान हलवली. "मग मी काही वर यायचा नाही. खालून हाक मारीन. ऐकू येतं ना?"

"येतं," साहेब म्हणाले.

तोवर त्यांचं ताट आलं होतं.